पंखा खाली घ्यायला या

"सुपानं वारा घालू का, भाऊ?"

जनाबाई भोयेंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या अंगणात, चाळीस फुटी डांबाच्या बुडाशी मान वर करून उभा होतो. दिवाळीचा पाडवा होता. पेठ तालुक्यातल्या त्या डोंगराळ पाड्यावरची झाडून सगळी माणसं वीज बघायला जमली होती. डांबाच्या टोकाला माझी पवनचक्की होती. तिची पाती इतकी स्थिर की एक कावळा अर्धा तास तिथं बसून, कंटाळून, उडून गेला.

"येईल वारा," मी म्हणालो. "दहा मिनिटांत येईल."

हे मी सकाळपासून म्हणत होतो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरला माझं बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि सोलर हीटरचं दुकान होतं. पवनचक्की हा मात्र माझा शौक. घरगुती पवनचक्की म्हणजे टेबलाएवढ्या घेराचा पंखा. आपला पंखा वीज खाऊन वारा देतो, हा वारा खाऊन वीज देतो. ती वीज बॅटरीत साठवायची आणि संध्याकाळी वापरायची. कॅटलॉग वाचून वाचून मी एवढा तज्ज्ञ झालो होतो की फक्त गिऱ्हाईक मिळायचं बाकी होतं.

ते रामदास भोयेंच्या रूपानं दुकानात आलं. भोये ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. रिटायर व्हायला थोडे महिने राहिले होते. त्यानंतर कॉलनीतलं क्वार्टर सोडायचं होतं.

"शहरात, सिडकोत फ्लॅट बघून ठेवलाय," ते म्हणाले. "पण मंडळींना पाड्यावरच जायचंय. तीस वर्षं एकच धोशा. तिथं लाइट नाही, आणि खांब यायची चिन्हं नाहीत. साहेब, माझा सगळा जन्म ट्यूबखाली गेला. अंधारात मला माझेच हात सापडत नाहीत. मी तिला शब्द दिलाय, लाइट लागला तर पाड्यावर, नाहीतर सिडको."

जनाबाई शेजारी उभ्या होत्या. इन्व्हर्टरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी विचारलं, "वहिनी, कॉलनीत काय त्रास आहे?"

"त्रास काई नाय," त्या म्हणाल्या. "तिथं वारा नाय. पंखा हाय."

मला ते बोलणं गमतीचं वाटलं. त्यात किती वर्षांचा जीव अडकलाय, ते तेव्हा कळलं नाही.

आषाढात मी जागा बघायला गेलो. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून उसनं नेलं होतं. चार वाट्या गरगर फिरतात आणि आकडा दाखवतात. भोयेंच्या घरासमोर पश्चिमेला दरी मोकळी. माझी छत्री पहिल्याच मिनिटाला उलटी झाली. यंत्रानं सेकंदाला नऊ मीटर दाखवले. मी आनंदानं ओरडलो, "वहिनी, वारा आहे ना इकडे?"

"हाय की. लय हाय," जनाबाई म्हणाल्या.

झाला माझा सर्व्हे. पाचशे वॅटचं मशीन निवडलं. दोन ट्यूब, रेडिओ आणि टेबलफॅन, एवढीच भोयेंची मागणी होती. मी वर टीव्हीही कबूल करून टाकला. डांब घराला लागून उभा केला, कारण वायर लांबली की वीज वाटेतच जिरते. हे खरं आहे. पण घरापासून आखूड वायर, हा जागा निवडायचा नियम नाही. तो आळशी माणसाचा नियम आहे.

पाडवा गेला. वारा आला नाही. भोये म्हणजे मशीनच्या प्रत्येक तपशिलाची नोंद ठेवणारे कारखान्याचे माणूस. रजा काढून आठ दिवस तिथं राहिले आणि रोज तीनदा रजिस्टर भरलं. मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात दिलं. शून्य, शून्य, एक वेळ 'किंचित', परत शून्य.

"आमच्याकडं असा पार्ट रिजेक्ट होतो, साहेब."

"वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही," मी समजावलं. "आठवा हिस्सा होते. निसर्गाचा नियमच तसा आहे."

"हे आषाढात का नाही सांगितलं?"

मग पवनचक्कीतच बिघाड असेल असं दाखवायला मी डांब आडवा केला. बुडाशी बिजागरी असते, चार माणसं दोर धरून तो खाली घेतात. मशीन उघडून मी नव्याकोऱ्या बेअरिंगला ग्रीस लावत बसलो. खोटं काम करताना माणूस फार मन लावून करतो.

भोये ओटीवर बसले होते. "पुढच्या आठवड्यात फ्लॅटवाल्याला होकार कळवायचाय," ते हळू आवाजात म्हणाले. "तिला अजून सांगितलं नाही."

मी उत्तर टाळायला दुसरीकडे पाहिलं. घरापासून दोनेकशे पावलं खाली, खिंडीच्या तोंडाशी त्यांचं खळं होतं, म्हणजे मळणीची सारवलेली गोल जागा. जनाबाई तिथं तिवईवर उभ्या राहून हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात उफणत होत्या. डोक्याइतक्या उंच धरलेल्या सुपातून भात सरळ खाली पडत होतं आणि कोंडा आडवा उडत होता. चांगला दहा हात लांब.

माझ्या हातातला ग्रीसचा डबा पडला. मी वारा मोजायचं यंत्र घेऊन धावत सुटलो. वाट्या गरगरल्या. सेकंदाला साडेपाच मीटर.

"वहिनी, हा वारा इथं कुठून आला?"

"खिंडीतून. थंडीत तो तिकडून येतो." त्यांनी सुपानं पूर्वेकडे दाखवलं. "घरामागं डोंगर हाय, तिथं कसा लागंल? सासऱ्यानं वारा बघूनच खळं केलं."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही जागा कुठं इचारली? तुम्ही इचारलं, वारा हाय का. म्या म्हनलं, हाय."

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि हिवाळ्यात दिशा बदलतो, हे शाळेत भूगोलाच्या पेपरात मी लिहिलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते.

भोये मागोमाग आले. मी उत्साहात सांगितलं, "डांब इथं आणू. जाड वायर टाकू. फॅन आणि टीव्ही विसरा, पण दोन दिवे आणि रेडिओ नक्की."

भोयेंचा चेहरा उजळला. जनाबाई मात्र तिवईवरून उतरल्या. मी पावलं टाकून ताणाच्या जागा दाखवू लागलो. डांब उभा राहावा म्हणून चारी बाजूंनी तारा ताणून बांधतात, ते ताण. त्यातले दोन बरोबर खळ्यात येत होते.

"मंग बैल कुठून फिरतील?" जनाबाईंनी विचारलं.

वारा होता ती पाड्यातली एकच जागा, आणि ती आधीच कामात होती. दिवा नाही तर सिडको. दिवा लावावा तर खळं जातं. मग घरी येऊन त्या करणार काय? जनाबाई कडेकडेनं खळ्याला एक पूर्ण फेरी मारून आल्या.

"हा पंखा निजवता येतो नं? आता वर निजवलाय तसा?"

"येतो."

"मंग वारा आधी भाताचा. मळणी, उफणणी होईस्तवर पंखा निजंल. भात घरात आलं की वारा तुमचा."

भोये दचकले. "म्हणजे दर साली पंधरा दिवस अंधार?"

"तुमच्यासाठी तीस वर्सं उजेडात काढली नं म्या? तुम्ही पंधरा दिस अंधारात काढा."

त्यानंतर दोराची आणि माणसांची जमवाजमव तेवढी राहिली.

होळीच्या आधी दोघं पाड्यावर राहायला गेले. टेबलफॅन खोक्यातच राहिला. पुढं दर मार्गशीर्षात मला भोयेंचं पोस्टकार्ड यायचं. मजकूर ठरलेला: 'भात कापून झालं. पंखा खाली घ्यायला या.' तसं पाहिलं तर दोर ओढायला पाड्यावर माणसं होती. तरी मी जायचो. डांब निजवायचा, ताण सोडायचे, तांदळाची भाकरी खायची. भोये रजिस्टरमध्ये 'मेंटेनन्स शटडाऊन' असं लिहायचे आणि कंदील पुसायला घ्यायचे. कधीकधी ते बोलता बोलता थांबायचे, घड्याळ बघायचे. "आत्ता कारखान्याचा भोंगा झाला असेल," म्हणायचे. त्यांनाही काहीतरी सोडून यावं लागलं होतं. ते कधी रजिस्टरमध्ये आलं नाही.

मग नवं शतक लागलं आणि पाड्यावर सरकारी विजेचे खांब आले. पंखा कायमचा खाली उतरला. पोस्टकार्डं थांबली. दोन वर्षं मार्गशीर्षात पोस्टमन दिसला की मी दुकानाच्या दारात जाऊन उभा राहायचो. तिसऱ्या वर्षी न बोलावताच गेलो.

जनाबाई खळ्यावरच होत्या. सूप भरलेलं, कोंडा हलत नव्हता. भोये बांधावर बसले होते. मला पाहून कोणालाच नवल वाटलं नाही.

"पंखा तर नाही आता," मी म्हणालो.

"नाय. बसा," जनाबाई म्हणाल्या. "वारा पडलाय. येईल."

आम्ही तिघं बसून राहिलो. बराच वेळ गेला. मग खिंडीच्या कडेचं गवत वाकलं. जनाबाई तिवईवर चढल्या आणि कोंडा आडवा उडू लागला. सवयीनं माझा हात पिशवीत यंत्र शोधायला गेला. ते परत करून वर्षं झाली होती.

त्या दिवसापासून माझ्या दुकानातल्या सर्व्हेच्या फॉर्मवर पहिला प्रश्न आहे: 'तुमच्याकडे उफणणी कुठे करतात?' गंगापूर रोडचे बंगलेवाले तो वाचतात, माझ्याकडे बघतात आणि सोलर हीटर घेऊन जातात. हा प्रश्न घातल्यापासून माझी एकही पवनचक्की विकली गेलेली नाही. आणि एकाही पवनचक्कीची तक्रार आलेली नाही.