खायची परवानगी

आरोग्य केंद्रात तिला सगळे तराजू म्हणतात. दारातून माणूस आत आला, की तो खुर्चीत टेकायच्या आत ती मनातल्या मनात त्याचं वजन सांगते, आणि काटा तिला क्वचितच खोटं पाडतो. आहारसल्लागार म्हणून ती नवी लागली तेव्हा या खेळावर चहाच्या पैजा लागायच्या. आता कुणी लावत नाही. सारखं हरायचा कंटाळा येतो.

अशा या तराजूच्या डोळ्यांदेखत तिचे बाबा वाळत गेले आणि ती त्यांना म्हणत राहिली, "बाबा, काय मस्त दिसताय! कॉलेजकुमार!"

बाबा खूश व्हायचे. पँटच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडून आणायचे.

मग जिना चढताना दम लागायला लागला. हृदयाची एक झडप आक्रसली होती, ती बदलायला हवी होती. सर्जनने रिपोर्ट पाहिले आणि बाबांना शर्ट काढायला लावला. फासळ्या पाहून त्याने रिपोर्ट बाजूला ठेवले.

"झडप मी बदलेन हो," तो तिच्याकडे वळून म्हणाला, "पण टेबलावरून उठायला यांच्या अंगात काही उरलंय का? जेवतात का हे?"

"जेवतात ना."

"काय जेवतात?"

तराजूने सांगायला तोंड उघडलं. उकडलेला दुधीभोपळा, काकडी, मुगाचं पाणी. एवढं झाल्यावर पुढे काही आठवेना.

"व्यवसाय काय तुमचा?" सर्जनने विचारलं.

तिने सांगितलं. सर्जन हसला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

"वजन वाढवून आणा, मग तारीख देतो. आणि रेंगाळू नका. ती झडप आपल्यासाठी थांबणार नाहीये."

त्या संध्याकाळी आईने ओट्यावर अख्खं घर मांडलं. लोणी, अंडी, बटाटे, केळी, दुधाचं भांडं. पदर खोचून ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"बोला. काय देऊ?"

"काकडी आहे का?"

"काकडी गेली खड्ड्यात! लोणी लावून ब्रेड देते."

"लोणी आपल्या लेकीने पहिल्याच वर्षीच्या भाषणात बंद केलंय."

"बरं, नुसता ब्रेड."

"गहू त्यानंतर गेला. तू त्या कार्यक्रमाला आली नव्हतीस, तुझे गुडघे दुखत होते."

"बटाटा?"

"बटाट्यावर तर तिने अर्धा तास घालवला होता! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते."

"दूध? केळं? निदान अंडं तरी?"

"दूध गेलं. केळ्यात साखर. अंड्याचा पांढरा भाग चालतो, पण आता सूर्य मावळलाय, म्हणजे तोही नाही." बाबांनी खिडकीकडे बोट दाखवलं, शांतपणे, शहाण्या मुलासारखं.

आई लेकीकडे वळली. "ऐकलंस? माझा स्वयंपाक या माणसाने कधी धड ओळखला नाही, आणि तुझी भाषणं बघ कशी तोंडपाठ!"

"बाबा, मीच सांगतेय ना आता, खा म्हणून."

"तू आत्ता घाबरून बोलतेयस. तेव्हा अभ्यास करून बोलली होतीस."

हे कसं झालं ते कळायला तराजूला फार डोकं लावावं लागलं नाही. दर नव्या वर्षाच्या सुरुवातीला केंद्राचा एक मोठा कार्यक्रम होतो. येत्या वर्षात आरोग्याचं वारं कुठे वाहणार, काय खायचं, काय टाळायचं, ते तिथे सांगायचं. नोकरी लागल्यापासून हे भाषण तिचंच. एका वर्षी चरबी वाईट, पुढच्या वर्षी साखर, मग मीठ, मग धान्य, मग दूध, मग जेवणाची वेळ. नवं सांगायचं हा त्या धंद्याचा रिवाज. जुनं मागे घ्यायचा रिवाज कुठेच नाही. लोक आपोआप विसरतात. महिनाभर काकडी चावतात आणि परत सामोसे खायला लागतात, म्हणून तर जगतात.

बाबा विसरले नाहीत. उभा जन्म त्यांनी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढला होता. तिथे आलेला हुकूम, ज्याने दिला त्याने त्याच वाटेने मागे घेईपर्यंत लागूच. दुसरा हुकूम आला तर तो पहिल्याच्या जोडीला लागू. कुणी बायको, कुणी मेहुणा केबिनच्या दाराशी येऊन "सोडा हो गाडी" म्हणाला, तर त्याला चहा पाजायचा आणि गाडी रोखूनच ठेवायची. निवृत्त झाल्यापासून बाबा दरवर्षी पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, लेकीचं भाषण ऐकायला बसत होते.

तिने चोरीही करून पाहिली. उकडलेल्या भोपळ्यात लोणी घोटून घातलं. बाबांनी एक चमचा तोंडात घेतला, थांबले, चमचा ताटाच्या कडेला ठेवला.

"यात काहीतरी आहे."

"काही नाही बाबा, भोपळा गोड निघालाय."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक वाटीचा वास घ्यायला लागले. होतं तेही खाणं निम्म्यावर आलं. पुढच्या तपासणीला काटा आणखी खाली गेला. आईने दवाखान्याच्या पायरीवर बसून लेकीला विचारलं, "तुझ्या बापाला तू मारतेयस की मी?" आणि लगेच तिचा हात घट्ट धरला.

मग नव्या वर्षाचा कार्यक्रम आला.

या खेपेचा विषय केंद्राच्या मॅडमनी ठरवला होता: कमी खा, जास्त जगा. दिवसातले बहुतेक तास उपाशी राहायचं, कारण सगळीकडे आता हेच चाललंय. मॅडमनी तिच्या खांद्यावरचा धागा झटकला. "हसून बोल गं. चेहरा का असा? लोक नवीन काय सोडायचं ते ऐकायला येतात. त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नकोस."

पडद्याच्या फटीतून तिने पाहिलं. बाबा पहिल्या रांगेत होते. सभागृहाच्या पायऱ्या चढताना आईने त्यांना तीनदा बसवलं असणार, कारण आईचाच चेहरा लाल झाला होता. बाबांच्या मानेभोवती कॉलर एखाद्या मोठ्या माणसाची उसनी आणल्यासारखी उभी होती. तराजूने सवयीने वजन केलं. आकडा मनात आला आणि तिने भाषणाचा कागद चुरगळला.

ती मंचावर गेली. मागच्या पडद्यावर विषय झळकला. टाळ्या झाल्या.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी इथे उभी राहून बटाट्याला शत्रू म्हटलं होतं. ते मी मागे घेते."

लोक हसले. सुरुवात झकास आहे, असं त्यांना वाटलं.

"लोणी बंद करायला सांगितलं होतं. मागे घेते. दूध, मागे घेते. केळं, गहू, भात, सगळं मागे घेते."

हसू पातळ झालं. मधल्या रांगेतला एक काका ओरडला, "अहो ताई, मग या वर्षी सोडायचं काय?"

"तुमचं वजन किती?" तिने विचारलं. "राहू दे, मला दिसतंय. तुम्ही तुमच्या डॉक्टरला विचारा. मी जे सांगत आले, ते अंगावर जास्त असणाऱ्यांसाठी होतं. पण 'कुणासाठी' हे मी कधी बोललेच नाही. इथे वाळलेलीही माणसं येऊन बसत होती. तीही ऐकत होती." तिचा आवाज फाटला. "ज्यांचं अंग उतरलंय त्यांनी खावं. माझ्यावर उपकार म्हणून खा."

कडेला मॅडम दोन्ही हातांनी 'आवर, आवर' करत होत्या.

पहिल्या रांगेत बाबांनी हात वर केला. मग आईच्या खांद्याला धरून उभेच राहिले.

"वेळसुद्धा?" त्यांनी विचारलं. सभागृहात कुणाला कळेना हे गृहस्थ काय विचारतायत.

"वेळसुद्धा."

"म्हणजे, परत म्हणतो, चूक असेल तर सांग." श्वास पुरेना म्हणून ते अडखळत बोलत होते. "लोणी, दूध, गहू, भात, बटाटा, केळं. साखर आणि मीठ?"

"डॉक्टर म्हणतील तेवढं."

"साखर, मीठ डॉक्टर म्हणतील तेवढं. बाकीचं केव्हाही. पूर्वीचे सगळे हुकूम रद्द."

"रद्द," ती म्हणाली. "मी रद्द करतेय, बाबा."

"ठीक," बाबा म्हणाले आणि खाली बसले.

घरी आल्या आल्या ते हात धुऊन ताटावर बसले. आईने मऊ भात दुधात कुस्करला, वर लोण्याचा गोळा सोडला. बाबांनी पहिला घास घेतला तेव्हा आईने तोंडाला पदर लावला. दुसरा घेतला. तिसऱ्याला ते थबकले. घास गालात तसाच राहिला.

"गिळा ना," आई म्हणाली.

त्यांनी डोळे मिटून गिळला. कपाळावर घाम आला. आणि मग सगळं उलटून आलं, शर्टावर, ताटात, आईच्या हातावर.

"मुद्दाम नाही गं," ते दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणाले. शरमेने त्यांचे कान लाल झाले होते. "खायचंय मला. आत जागाच नाही राहिली."

त्यानंतर घरात दुसरं कामच उरलं नाही. तराजूने बिनपगारी रजा घेतली. चमचा-चमचा, दर थोड्या वेळाने, कधी अंडं, कधी खिमट, कधी नुसतं साखर घातलेलं दूध. आई चिडायची, "लहानपणी हिला भरवायला एवढा त्रास नाही झाला!" बाबा क्षमा मागितल्यासारखं हसायचे आणि तोंड उघडायचे. काही राहायचं, बरंच बाहेर यायचं. दम आता बसल्या जागीही लागत होता.

ठरल्या दिवशी ते दवाखान्यात गेले. बाबांनी बूट काढले, घड्याळही काढू लागले.

"असू दे हो," आई कुजबुजली. "तेवढंच जास्त भरेल."

काटा हलला आणि थांबला. सर्जनने वाकून पाहिलं.

"वाढलेलं नाही," तो म्हणाला. बाबांचा चेहरा पाहून त्याने भर घातली, "पण घटलेलंही नाही. हे पहिल्यांदाच झालंय. आठवड्याने परत या."

"आठवडा आहे का आमच्याकडे?" तराजूने विचारलं.

सर्जनने पेनाचं टोपण लावलं. "खाऊ घाला," एवढंच म्हणाला.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिचा फोन वाजला. मॅडम.

"अगं कुठे आहेस? तुझं ते 'मागे घेते' लोकांनी डोक्यावर घेतलंय! पुढच्या वर्षी हेच चालणार बघ, बंदी नाही, मोकळं खाणं. बाकीच्या शाखांतही तू भाषण करायचंस. आणि ऐक, तो आवाज फाटला होता ना, तो तसाच ठेव. ते म्हातारे गृहस्थ आणता येतील का गं?"

तराजूने फोन बंद केला आणि पर्सच्या तळाशी टाकला.

आईने केळं सोललं. बाबांनी अर्धं घेतलं. एक तुकडा चावला, खूप वेळ चावला, गिळला. मग दुसरा. डोळ्यांत पाणी आलं तरी तोंड घट्ट मिटून धरलं.

"राहील असं वाटतंय का?" तिने विचारलं.

बाबांनी बोट वर करून थांब म्हणून खुणावलं. बोलायची त्यांना भीती वाटत होती. आईने त्यांची पाठ चोळायला घेतली, वरून खाली, हळूहळू. तराजू त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली. समोरून स्ट्रेचर गेलं, तरी तिघांपैकी कुणी मान वळवली नाही.