बाबली मागीलदारानं घरी येतो

बाबली एकोणिसाव्या वर्षी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गहून गोव्यात सुर्ल्याला आला, तो लाल लोहखनिजाचा ट्रक चालवायला. बावीस वर्षं त्यानं तेच केलं. खाणी बंद झाल्यावर तो बालरथ, म्हणजे शाळेच्या मुलांची बस, चालवू लागला. गाडीत लहान मुलं रडायला लागली की तो नाना आवाज काढायचा. चढावर दमलेला ट्रक, रागावलेली बाई, पाव विकणारा पदेर. माझी मुलगी संजना डिचोलीत आमच्या माडीवर कार्टून तयार करते. तिनं एकदा बसथांब्यावर हे आवाज ऐकले आणि त्याला बोलावून घेतलं.

तिच्या दोन-दोन मिनिटांच्या विनोदी गोष्टींत एका रांगेत तीन घरं होती: कारकुनाचं, पदेराचं आणि ट्रक ड्रायव्हरचं. गोव्यात राहणारी सगळी माणसं त्यात दिसावीत, सिंधुदुर्गातून आलेलीसुद्धा, असा तिचा हट्ट. ड्रायव्हरचा आवाज बाबलीचा. पहिला भाग सुर्ल्याच्या शाळेत दाखवायचं ठरलं होतं. बाबलीची रेश्मा तिथंच पाचवीत होती.

आवाज भरायच्या दिवशी चित्रं सुरू झाली. ड्रायव्हर कामावरून येतो, पांढऱ्या लादीवर लाल पावलं उमटवत थेट पाटावर बसतो, डोक्यावरचा धुरळा ताटात पडतो, बायको लाटणं घेऊन धावते. मी आधी पाहिलं तेव्हाही हसलो होतो, पुन्हा हसलो. बाबलीनं कानांवरचा हेडफोन काढून ठेवला.

"बाबलीदादा, इथं 'वाढ गो बेगीन', लवकर वाढ, असं म्हणायचं," संजनानं सांगितलं.

"बाय, ह्या माज्या तोंडातसून येवचा नाय."

"वाक्य बदलूया मग."

"वाक्याचा काय नाय. असो घरात येता कोण? भायर कपडे काढूचे, न्हाणयेत डोक्यावरसून पाणी घेवचा, मगे मागीलदारान आत. सगळे ड्रायव्हर तसेच."

"अरे, कार्टून आहे," मी मध्ये पडलो. "थोडं वाढवावं लागतं."

"वाढवा ना, भाऊ. पण खरा आसा ता वाढवा. ह्या खरा नायच." मग तो संजनाकडे वळला. "माजी रेश्मा वर्गात बसान ह्या बघतली. पोरां तिका इचारतली, तुजो बापूस असोच येता? आवाज तर माजोच. ती काय सांगतली? दुसरो कोण बघ, बाय."

तो उठलाच. तीस वर्षं मी खाणीच्या कचेरीत कारकून होतो; खिडकीशी असे ड्रायव्हर येत होते, लाल शर्टांतले. त्यांच्यातल्या एकाच्याही घरी मी कधी गेलो नव्हतो. गोष्टीत त्यांना घेतलं की झालं, असं संजनाला वाटलं होतं आणि मलाही.

"बसा हो," संजना म्हणाली. "तुमच्या घरी हसण्यासारखं काहीच होत नाही?"

"होना नाय कशाक? आमची सुलोचना, रेश्माची आई!" तो पुन्हा टेकला. "न्हावन इलंय की मागीलदारात उभी. हातात पांढरो फडको. कानामागे पुसून बघतली. लाल दिसला की परत न्हाणयेत. एकदा तीनदा धाडल्यान. भायर शेजारी माका भेटूक येवन बसलेलो, तेका म्हणता, तुमी जेवून घेवा, ह्येंचा काय खरा नाय. मी कोरो होवन इलंय तर त्यान माजो बांगडो खाल्लेलो!"

संजना टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मीही हसलो, पण हे हसू निराळं होतं.

चित्रं नव्यानं काढायला तिला तीन आठवडे लागले. बांगडा खाणाऱ्या शेजाऱ्याच्या जागी तिनं कारकून बसवला, चपला घालून आत आलेला. त्याचं टक्कल ओळखीचं वाटलं, मी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

शाळेच्या सभागृहात मुलांच्या आयाही आल्या होत्या, कित्येकी ड्रायव्हरांच्या बायका. बाबली मागं भिंतीला टेकून उभा राहिला. पडद्याकडे त्याचं लक्ष नव्हतं, तो रेश्माची पाठ बघत होता. ड्रायव्हर दुसऱ्यांदा न्हाऊन दारात आला, तेव्हा आयांतून एक आवाज आला, "मान रवली रे धुवची, मान!" सगळं सभागृह फुटलं.

रेश्माच्या शेजारची मुलगी तिला कोपरानं ढोसत म्हणाली, "ह्यो तुझ्या बाबांचो आवाज ना गो?"

"तर!" रेश्मा मोठ्यानं म्हणाली. "घराकडे अशेच ओरडतत. आई अजूनय खराच परत धाडता."

बाबलीनं भिंतीवरची पाठ काढली आणि पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं.