टाइड इंजिन

'टाइड' या शब्दाचा अर्थ मी भरती असा लावला. नोकरीतली माझी पहिली तांत्रिक चूक ती ही. खरं तर ती इंग्रजीची होती.

मासेमारीच्या सरकारी खात्यात मी नवा ज्युनिअर इंजिनिअर. वेसाव्याचा हिराजी तांडेल नवी बोट बांधत होता आणि तिच्या इंजिनासाठी परदेशी मदत मंजूर झाली होती. साहेबांचा फोन आला, "मदत टाइड आहे हं. त्या हिशेबानं इंजिन ठरव."

मी खाडीच्या तोंडावर उभा राहून भरती-ओहोटी बघितली. भरतीच्या उलट ओढेल असं एक देशी इंजिन ठरवलं. हिराजी खूश, कारण त्याचे स्पेअर कुर्ल्यात मिळत. त्यानं लगेच त्या मापाची बेड, म्हणजे इंजिनाची लाकडी बैठक, ठोकून घेतली. जुनी होडी त्यानं मोडली होती. नारळी पौर्णिमेनंतर ही बोट गेली नाही, तर सगळा हंगाम घरी बसायचं.

साहेबांनी मला बोलावलं.

"देशी इंजिन? अरे, टाइड म्हणजे बांधलेली! कर्ज त्यांचं, म्हणून इंजिनही त्यांच्याच देशातलं."

"म्हणजे पैसे इथे येतच नाहीत?"

"कशाला येतील? तिथल्या बँकेतून तिथल्या कारखान्यात जातात. आपण आभार मानायचे."

"आणि फेडायचं?"

"ते मात्र इथून."

इंजिन आलं. उत्तम होतं, खोटं कशाला बोलू? फक्त हातभर लांब होतं, आणि त्याच्या नटांना आमचा एकही पाना लागेना. पाने मागवले, तेही टाइड. बसवायला एक्स्पर्ट आला, तोही टाइड. त्याला खाडीतच बोट लागली. उरलेलं मार्गदर्शन त्यानं जुहूच्या हॉटेलातून, आडवं पडून केलं.

हिराजी माझ्यावर उखडला. "सायेब, पुनव तोंडावर आली नि बैठक तोडू?"

"तोडायलाच हवी. आणि मागचा मासळीचा कप्पाही थोडा कापावा लागेल."

"म्हावऱ्याचा कप्पा? मग म्हावरा काय डोक्यावर ठेवू?"

कप्पा निम्मा झाला, पण बोट वेळेत उतरली. पहिल्या फेरीला तपासणी म्हणून मीही गेलो. सगळ्यांच्या आधी आम्ही परतलो. कप्पा भरल्यावर थांबून करणार काय? साहेबांनी मात्र वर कळवलं, 'परकीय इंजिनाचा वेग समाधानकारक.'

किनाऱ्यावर हिराजीची बायको पाट्या घेऊन उभी होती. तिनं कप्प्यात डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सायेब, इंजिन ऱ्हाऊ दे. फुडल्या येळेला तुमी उतरा. तेवढाच दोन पाट्या म्हावरा जास्त मावल."