पापडवाल्या अम्माची लेक

आम्ही अंबरनाथला पश्चिमेला राहत होतो तेव्हा फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून एक सिंधी बाई डोक्यावर पापडांची टोपली घेऊन चालत यायची. सगळे तिला अम्मा म्हणत, पण तिची चाळिशीही उलटली नसावी. कराचीहून येताना बोटीवर तिची सात वर्षांची मुलगी तापाने गेली होती. मी शाळेत चित्रकला शिकवते हे कळलं त्या दिवशी तिने टोपली खाली ठेवली.

"बेटी, मेरी लडकी का मुखडा बना दोगी? फोटू नहीं है."

"अम्मा, मी तिला पाहिलंच नाही. कसं काढू?"

"मैंने देखा है ना! मैं बोलूँगी, तू बना."

मी रविवारी दुपारी तिच्या बराकीत जायला लागले. गोणपाटाच्या आडोशापलीकडे दुसरं कुटुंब राहायचं, त्यांचं सगळं बोलणं ऐकू येई. माझ्याकडे पेस्टल खडूंची एक पेटी होती. आमच्या फळ्यावरच्या खडूंपेक्षा ते कितीतरी मऊ, नुसतं बोट लागलं तरी रंग उतरे. तपकिरी खरखरीत कागदावर मी आधी गडद रंगाने चेहऱ्याचा घाट धरला, मग एकावर एक हलके थर दिले आणि गालाशी ते करंगळीने एकमेकांत मिसळले. अम्मा शेजारी बसून सांगायची. नाक छोटं. कपाळ एवढं मोठं नाही. एका भुवईत पडल्याची खूण. मी कापडाने रंग झटकायची, पुन्हा लावायची. हनुवटी काही केल्या जमेना, तेव्हा तिने माझं बोट धरलं आणि स्वतःच्या हनुवटीवरून फिरवलं. "ऐसी."

सहाव्या रविवारी मी डोळ्यांत पांढऱ्या खडूचे दोन ठिपके दिले. अम्माने तोंडावर ओढणीचा पदर धरला. "मुंहिंजी धीअ," म्हणाली. माझी लेक.

चित्र तेव्हाच तिच्या हातात द्यायला हवं होतं. पण या खडूंचा रंग कागदावर नुसता बसलेला असतो, हात लागला की पुसतो. काचेची चौकट करून देते म्हणाले आणि शाळेच्या सुताराकडे द्यायला चित्र शाळेत नेलं. तिथे मुख्याध्यापकांनी ते पाहिलं.

"बाई, हे आपण स्नेहसंमेलनात लावू."

मला आनंद झाला, हे कबूल करते. माझं चित्र आजवर कुणी कुठे लावलं नव्हतं. मी अम्मालाही बोलावलं. ती धुतलेली ओढणी घेऊन आली, बायकांच्या रांगेत बसली. चित्राखाली पाटी होती, 'निर्वासित बालिका', आणि तिच्याखाली शाळेचं नाव. भाषणं झाली. मग मुख्याध्यापकांनी चौकट उचलली आणि शाळेतर्फे भेट म्हणून प्रमुख पाहुण्यांच्या हातात दिली. टाळ्या पडल्या. अम्मानेही वाजवल्या. तिला वाटलं, तिच्या लेकीचा सत्कार होतोय.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठले नाही.

बाहेर तिने विचारलं, "कब देंगे वापस?"

"देतील अम्मा. दाखवायला नेलंय."

पुढे ती दर खेपेला विचारायची आणि मी दर खेपेला तेच सांगायची. शेवटी पाहुण्यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"दिलेली भेट परत मागता? शाळेची अब्रू आहे काही. आणि तुम्हाला कायम व्हायचंय ना बाई?"

मी तिसरं पत्र लिहिलं नाही. घरी बसून दुसरं चित्र काढलं. तेच खडू, तसाच कागद, भुवईतली खूणसुद्धा. खरं सांगायचं तर हात आता सरावला होता, हे चित्र पहिल्यापेक्षा सफाईदार झालं. काचेत बसवून बराकीत घेऊन गेले आणि खरं काय ते सांगितलं. अम्माने ऐकून घेतलं. रागावली नाही. चित्र उजेडाकडे धरून पाहिलं.

"अच्छी है," ती म्हणाली. "पर ये वो नहीं है. वो तूने दे दी."

तिने चौकट माझ्या मांडीवर ठेवली आणि पापड वाळत घालायला बाहेर गेली.

जूनमध्ये मला कायम केलं. त्याच शाळेत मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं, त्याच मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात त्यांचं चित्रही काढून दिलं. छान काढलं होतं. अम्मा आमच्या आळीत यायची थांबली होती. एकदा कॅम्पाच्या बाजारात समोरून आली. मी हाक मारली. तिने डोक्यावरची टोपली सावरली, मला नीट पाहिलं, ओळखलं आणि बाजूने पुढे गेली.