मी शेजारणीला नाव ठेवलं

सांगतो, पण तुम्ही चहा पीत राहा. लाज माझी गेलीय, चहा तुमचा कशाला गार व्हायला हवा?

‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका टिंबाचा फरक. मी पहिलं करत होतो आणि समोरचीला दुसरं ऐकू येत होतं.

सुधा, माझी बायको, गेली त्यानंतरचा पहिला हिवाळा. अमेरिकेत श्रूजबरीतलं आमचं घर चार बेडरूमचं, राहायला मी एकटा. मुलगी नेहा सिअ‍ॅटलला, तिचा फोन रविवारी. बाकीचे सहा दिवस घरात बोलायचा तो फ्रिज, तोही अधूनमधून.

एका सकाळी गुडघाभर बर्फ पडलेला. मी फावडं घेऊन दारात उभा, सुरुवात कुठून करावी कळेना. तेवढ्यात शेजारच्या बाई बर्फ उडवायचं मशीन ढकलत थेट माझ्या ड्राइव्हवेत आल्या. वय साठीचं, अंगानं चांगल्या भरभक्कम. अर्ध्या तासात रस्ता मोकळा. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, “शाब्बास, फत्ते.”

आता हा फत्ते कोण? लहानपणी आमच्याकडे एक कादंबरी होती, मुखपृष्ठ फाटलेली. तिचा नायक फत्तेराव. पुरात घोडा घालून किल्ल्यावर खबर पोचवणारा. घरात कुणी विहिरीत पडलेली बादली जरी काढली, तरी आई म्हणायची, “शाब्बास, फत्ते.” याहून मोठी पदवी आमच्याकडे नव्हती.

बाईंनी मशीन बंद केलं. “काय म्हणालात?”

“फत्ते,” मी म्हणालो. “यू आर माय फत्ते.”

त्या जराशा थांबल्या आणि मान हलवून गेल्या. मला वाटलं, संकोचल्या.

पुढच्या बर्फाला परत आल्या, मी परत म्हणालो. तिसऱ्या वेळी तर मी खिडकीतूनच ओरडलो, पलीकडच्या घरातल्यांनाही ऐकू जाईल असं. खरं सांगू? आठवड्यात ज्याला हाक मारावी असं तेवढंच एक माणूस होतं. मी बर्फाची वाट बघायला लागलो होतो.

मग वाटलं, नुसत्या शब्दांनी किती आभार मानायचे? केक ऑर्डर केला. बेकरीतल्या बाईनं विचारलं, “वर काय लिहू?” मी म्हटलं, “माय हीरो, फत्ते.” तिनं दोनदा विचारलं, “नक्की ना?” मी स्पेलिंगसुद्धा सांगितलं. तिनं ते बहुधा माझ्या भल्यासाठी सुधारलं. मी डबा उघडूनही पाहिला नाही.

शेजारच्या बाईंनी दारातच डबा उघडला. बराच वेळ आत बघत राहिल्या. “थँक यू,” म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

भरून आलं असेल, असं म्हणत मी घरी आलो.

त्यानंतर दोनदा बर्फ पडला, कुणी आलं नाही. हात केला, तर त्यांनी पाहिलं नाही. रविवारी नेहाला हे सांगितलं.

“बाबा, काय म्हणता तुम्ही त्यांना? परत म्हणा.”

“फत्ते.”

“बाबा, दॅट्स फॅटी. यू कॉल्ड हर फॅटी. ऑन अ केक.”

चाळीस वर्षं या देशात इंजिनिअर म्हणून काढली हो. पण कान अजून आईच्या स्वयंपाकघरात.

तसाच कोट चढवून शेजारी गेलो. बाई हाताची घडी घालून दारात उभ्या. मी पूर सांगितला, किल्ला सांगितला, पायरीवर घोड्यावर बसूनही दाखवलं. शेवटी त्यांनी विचारलं, “घोडा वाचला का?”

“वाचला.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पण मला नाव आहे की. ते का नाही घेत तुम्ही?”

नाव मला ठाऊकच नव्हतं. अकरा वर्षांचा शेजार. माणसांची नावं लक्षात ठेवणं, वाढदिवस, विचारपूस हे सगळं सुधा बघायची. मी तिच्या मागे उभा राहून नुसता हसायचो. ती गेल्यावर कुणाला विचारायचं, हे मला सुचलंच नव्हतं.

त्यांना ते कळलं असावं. हाताची घडी सुटली. “कॅरल,” त्या हळूच म्हणाल्या. “सुधा मला कॅरलताई म्हणायची.” ‘ताई’ अगदी स्वच्छ म्हणाल्या.

घरी येऊन ते नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलं, कागद फ्रिजवर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा आवाज आला. मी धावत बाहेर गेलो, हात उंच केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, “गुड मॉर्निंग, कॅथीताई!”

त्यांनी हसून हात हलवला. आपण सुधारलो, म्हणून मी खुशीत आत आलो, चहासाठी दूध काढायला फ्रिजपाशी गेलो आणि कागद वाचला.