सावनेरचा बंगला आणि माझा रुमाल

हसणार नसाल तरच सांगतो. बघा, आत्ताच दात दिसले! बरं, हसा. लोक घर बांधतात, विकतात, पाडतात. मी एक अख्खा दुमजली बंगला रुमालाने पुसायला निघालो होतो, तोही मालकाच्या डोळ्यांदेखत!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धरमपेठेत एका आर्किटेक्ट साहेबांकडे मी अठरा वर्षं ड्राफ्ट्समन, म्हणजे हाताने नकाशे काढणारा. माझी रेघ म्हणजे रेघ! आणि नियम एकच. मापं फुटात आहेत की मीटरमध्ये, हे नकाशावर लिहिलेलं नसलं की मी समोरच्याचा उद्धार करायचो. मग तो ठेकेदार असो नाहीतर साहेबांचा जावई.

अशात ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एसी बसला. नागपूरच्या उन्हाळ्यात आम्हाला कधी धड कूलर मिळाला नाही, आणि ह्याला एसी! चपला बाहेर काढून आत जायचं. साहेब म्हणाले, "गजानन, हा चालवायला बाहेरून माणूस आणू का?"

बाहेरचा माणूस आला की माझं टेबल उचललं जाणार, हे कळायला काय कॉम्प्युटर लागतो? मी छाती काढून म्हणालो, "काहून आणता साहेब? मी चालवतो ना!" तीन दिवसांचं शिक्षण घेतलं आणि बसलो त्याच्यापुढे. 

पहिलंच काम सावनेरच्या किसनरावांच्या बंगल्याचं. नकाशा त्यांच्या मुंबईच्या भाच्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर काढला होता. त्याचा प्रोग्राम वेगळा, आमचा वेगळा. म्हणून त्याने कुठल्याही प्रोग्रामला वाचता येईल अशी फाइल करून फ्लॉपीवर पाठवली. ती आपल्याकडे इम्पोर्ट करायची, म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये ओढून घ्यायची, की बंगला पडद्यावर हजर. मग प्लॉटरवर, म्हणजे पेन धरून रेघा मारणाऱ्या यंत्रावर, तो कागदावर काढायचा. किसनराव बायकोला घेऊन अकरा वाजता येणार होते.

आता मला सांगा, नवी वस्तू आली की आपण काय करतो? मीही तेच केलं. फ्लॉपीच्या लेबलवर ओल्या कुंकवाने ठसठशीत स्वस्तिक काढलं, हात जोडले आणि फ्लॉपी आत सरकवली.

इम्पोर्टचा हुकूम दिला. मशीन बराच वेळ घरघरलं, मग गप्प झालं. पडद्यावर काय? काही नाही! नुसता काळाकुट्ट अंधार. मी म्हटलं, घास घशात अडकला असेल. पुन्हा दिला. पुन्हा अंधार. असं सात वेळा केलं. सात वेळा घरघर, सात वेळा अंधार. फक्त डाव्या कोपऱ्यात खाली एक ठिपका होता, माशीने बसून घाण केल्यासारखा. एसीच्या खोलीत माशी कशी आली, म्हणून मला तिचाही राग आला.

तेवढ्यात दार उघडलं. साहेब, किसनराव आणि त्यांच्या मागे सुमनवहिनी.

"कुठी आहे गा आमचं घर?" किसनराव खुर्ची ओढत म्हणाले.

"येऊन राहिलं जी! मुंबईहून यायचं आहे, वेळ लागणारच."

"अन् हे काय होय?" वहिनींनी ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ते काही नाही वहिनी, काचेवर घाण आहे." मी खिशातून रुमाल काढला, काचेवर फुंकर मारली आणि लागलो घासायला. ठिपका हलेना. थुंकी लावायचीच बाकी होती. कामात आहे असं दाखवायला मी दुसऱ्या हाताने कीबोर्डवर उगाच बटणं दाबत होतो.

"भाऊ, थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बटन दाबलं का हा ठिपका सरकून राहिला. काचेवरचा डाग कधी सरकते काय?"

मी रुमाल खिशात कोंबला. मग आठवलं, शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, काही दिसलं नाही की मशीनला 'सगळं दाखव' म्हणायचं. मी तो हुकूम दिला. आणि काय सांगू? तो ठिपका फुगला, पडदाभर पसरला. पोर्च, जिना, देवघर, सगळं!

"अगं बाई, माझं स्वैपाकघर!" वहिनी म्हणाल्या. "अन् तुम्ही पुसून टाकून राहिले होते!"

मी घाईघाईने प्लॉटर सुरू केला, म्हटलं विषय तरी बदलेल. प्लॉटरने पेन धरलं आणि रेघ काढली. मग तीच रेघ पुन्हा काढली. पुन्हा. पुन्हा! कागद ओला झाला, फाटला, आणि किसनरावांच्या दिवाणखान्याला खिंडार पडलं.

"किती वेळा इम्पोर्ट केलं?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"सात."

"म्हणजे सात बंगले एकावर एक बसलेत. आणि ठिपका का झाला, कळलं? आपला नकाशा मिलिमीटरमध्ये, त्याचा मीटरमध्ये. चौदा मीटरचं घर आपल्याकडे चौदा मिलिमीटरचं झालं."

आता मात्र माझी सटकली. इथेच तर मी राजा! "पाहा साहेब, हे मुंबईवाले! अठरा वर्षं ओरडून राहिलो, मापं कशात आहेत ते लिहा, लिहा! फ्लॉपीवर एक शब्द लिहायला ह्याचा हात मोडला होता काय?"

वहिनींनी फ्लॉपी उचलली, उजेडात धरली आणि पदराच्या टोकाने स्वस्तिक हलकेच पुसलं. खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सर्व मापे मीटरमध्ये'.

एसीत मला घाम फुटला. साहेबांनी वहिनींच्या हातून फ्लॉपी घेतली. मग म्हणाले, "बाहेरून माणूस आणत नाही. पण ती कुंकवाची डबी माझ्या टेबलावर आणून ठेवा."

टेबल वाचलं हो! पुढे बंगला झाला, वास्तुशांतीचं बोलावणं आलं. पंगत बसली होती, पन्नास माणसं. वरणाच्या वाफेने चष्मा धुरकटला, त्यावर कसलासा डाग दिसला, म्हणून मी चष्मा काढून रुमाल हातात घेतला. तशा वहिनी तुपाची वाटी घेऊन पंगतीच्या त्या टोकावरून ओरडल्या, "ओ गजाननभाऊ! पुसू नोका जी! कोनाचं घर असन!"