शून्य बीपचा ड्रायव्हर

"सावंतला घरी पाठवा," देसाई साहेब म्हणाले आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. सावंतांच्या नावापुढे वरपासून खालपर्यंत सगळं लालेलाल होतं.

आमची कंपनी बोरिवली-मालाड पट्ट्यातल्या नोकरदारांना स्टाफ बसने अंधेरीच्या ऑफिसांत पोचवते. मी तिथे सेफ्टी ऑफिसर. म्हणजे काही झालं की जिच्यावर सगळे ओरडतात ती. एका मोठ्या क्लायंटने हट्ट धरला म्हणून आम्ही प्रत्येक बसमध्ये स्टिअरिंगसमोर एक छोटा कॅमेरा बसवला. हा कॅमेरा रस्त्याकडे बघत नाही, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघतो. डोळे मिटले किंवा मान खाली गेली की बीप करतो आणि ऑफिसला एक ओळ पाठवतो: 'ड्राउझी', म्हणजे झोपाळू. सोबत वेळ आणि ठिकाण. व्हिडिओ हवा तर वरचं पॅकेज घ्यावं लागतं. साहेबांनी खालचं घेतलं होतं.

सावंतकाका कुडाळचे. पंचवीस वर्षं बस चालवतायत, गाडीला साधं खरचटल्याचीही नोंद नाही. 'झोपाळू' असा शिक्का बसल्यावर छप्पन्नाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं? मला वाईट वाटलं आणि रागही आला. साहेबांना घाई होती, कारण शुक्रवारी क्लायंटची मीटिंग होती. तिथे एका ड्रायव्हरला काढल्याचं सांगायचं होतं आणि दुसऱ्याला 'सेफ ड्रायव्हर'चं सर्टिफिकेट द्यायचं होतं. दुसरा म्हणजे दीपक. त्याच्या नावापुढे महिनाभरात एकही बीप नव्हता.

मी दोन दिवस मागून घेतले आणि सावंतांच्या नोंदी कागदावर उतरवल्या. रोज त्याच सात जागा. सोमवारी ज्या सिग्नलच्या पुढे डुलकी, मंगळवारीही तिथेच. झोप अशी पत्ता विचारत येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोरिवलीला त्यांच्या मागच्या सीटवर बसले. पहिल्या देवळासमोर काकांनी डोळे मिटले, मान झुकवली, हात छातीला आणि मग ओठांना लावला. बीप. पुढे साईबाबा, बीप. मालाडला मारुती, बीप. पुढे रस्त्याकडेला एक क्रूस आला आणि जोगेश्वरीला दर्गा. काका सगळ्यांना सारखेच नमले, कोणाला कमी नाही की जास्त नाही. कॅमेऱ्यानेही भेदभाव केला नाही. कहर म्हणजे प्रवासी. मोबाईलमध्ये मान घातलेली माणसं बीप वाजला की वर न बघताच हात छातीला लावत होती. कंपनीने देवळांसाठी खास सोय केलीय अशी त्यांची समजूत होती.

मला हसू आवरत नव्हतं, पण हिशेब केल्यावर ते गेलं. काकांचे डोळे दर वेळी दोनेक सेकंद मिटत होते. मोकळ्या रस्त्यावर तेवढ्यात बस आपल्या लांबीच्या दुप्पट पुढे जाते, तीही आंधळी. अंधेरीला उतरल्यावर मी हे काकांना सांगितलं. मशीन खोटं बोलत नाहीये, त्याला फक्त झोप आणि भक्ती यातला फरक कळत नाही. काका दुखावले.

"मॅडम, देवाक काय डोळे वटारून नमस्कार करूचो?"

"नाही. डेपोत करा. इंजिन बंद असताना, सगळ्यांची नावं घेऊन, एकदाच."

"आणि मालाडचो मारुती रागावलो तर?"

"त्याला माझं नाव सांगा."

शेवटी काका हो म्हणाले. त्यांची यादी म्हणायला चांगली पाच मिनिटं लागतात, म्हणून ते हल्ली लवकर येतात.

काकांचा प्रश्न सुटला, पण माझं डोकं दीपकपाशी अडकलं. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये महिनाभर शून्य? मी स्वतः एकदा ड्रायव्हरच्या सीटवर बसून पर्स शोधायला मान खाली घातली होती, तर दोनदा बीप झाला होता. गुरुवारी दुपारी मी दीपकच्या रिकाम्या बसमध्ये चढले. डॅशबोर्डवर हार, अगरबत्तीचं स्टँड, एका महाराजांचा फोटो. सगळ्या बसमध्ये असतं तसंच. मी उतरणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की महाराजांची पाठ ड्रायव्हरकडे आहे. आपल्याकडे पाठ करून देव कोण बसवतं?

फोटो कॅमेऱ्याच्या बरोबर समोर चिकटवला होता. नुसता कागद लावला असता तर 'कॅमेरा झाकलाय' म्हणून मशीनने बोंब मारली असती. इथे त्याला चेहरा मिळत होता. मोठे, सताड उघडे डोळे, दिवसभर पापणी लवत नाही. आमचा सर्वांत सुरक्षित ड्रायव्हर केव्हाच समाधी घेतलेला होता.

दीपकला बोलावलं. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत.

"सारखं किंचाळतं ना ते, मॅडम. मला खरंच झोप येते. दोन-दोन ड्युट्या मारतो यार."

"दोन ड्युट्या दिल्या कोणी?"

"साहेबांनी. रेकॉर्ड क्लीन आहे म्हणाले."

रोज चाळीस माणसं त्या बसमध्ये मागे निवांत झोपतात. पुढचाही झोपत होता.

मी फोटो साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी आधी सवयीने नमस्कार केला, मग सगळं ऐकलं. सर्टिफिकेट छापून आलं होतं, तेही शेजारीच पडलं होतं. ते त्यांनी उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं.

सावंत राहिले. दीपकची दुसरी ड्युटी त्याच संध्याकाळी बंद झाली. मी त्याला आठवडाभर घरी झोपायला पाठवलं आणि बसमधून देव काढले नाहीत, फक्त त्यांची जागा हलवली.

तेव्हापासून मी महिन्याचा रिपोर्ट खालून, म्हणजे सर्वांत कमी बीपवाल्यांपासून वाचते. बीप जास्त असतील तर निदान सीटवर जिवंत माणूस आहे एवढं तरी कळतं. शून्य दिसलं की चपला घालते आणि बस बघायला जाते.